दर्या बंद होण्याआधी

चामटोलीला समुद्र नाही. बदलापूर आणि वांगणी या दोन स्थानकांच्या मधले हे गाव. भाताची खाचरे, लोहमार्ग आणि उल्हास नदी एवढीच त्याची ओळख. तरीही वैशाखात अंगाची काहिली होत असताना येथील माणूस दिवसभर ज्याची वाट पाहतो, तो समुद्रच असतो. मुंबईच्या किनाऱ्यावर खारा वारा दुपारीच सुटतो. ठाणे, डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ असे एकेक गाव पार करीत तो आमच्यापर्यंत पोहोचतो तेव्हा बहुधा संध्याकाळ झालेली असते आणि तोवर बदलापूरच्या पाऱ्याने कधी कधी बेचाळीस अंशांची रेषा ओलांडलेली असते. मुंबईतील माणसाला जो वारा सहज मिळतो, तो आम्हाला चार तास उशिरा, वापरून झाल्यासारखा मिळतो. पण मिळतो. आपण कधी मे महिन्यात कर्जतच्या लोकलमध्ये दाराशी उभे राहिला असाल, तर अंबरनाथच्या पुढे हवेतला ओलावा एकाएकी जाणवू लागल्याचा अनुभव आपल्यालाही आला असेल.

हाच वारा ज्यांच्या पोटापाण्याचा भाग आहे, त्यांच्याविषयी मला आपल्याशी बोलायचे आहे. माझे आजोळ अलिबाग तालुक्यात, रेवसजवळच्या एका कोळीवाड्यात. मामा तांडेल, म्हणजे मचव्यावरचा प्रमुख. पोरवयातील बहुतेक सुट्ट्या तिथे गेल्या, आणि पुढे नोकरी-संसारात गुंतल्यावरही मे महिन्यातली एक फेरी मी चुकविली नाही. त्यामुळे कोकणच्या किनाऱ्यावरील उन्हाळा मला आंबे-फणसांपेक्षा होड्यांचा ऋतू म्हणूनच अधिक ठाऊक आहे. लांबून आलेल्या पाहुण्याला तो निवांत वाटतो. वास्तविक त्या महिन्याइतकी घाई, हिशेब आणि धास्ती किनाऱ्यावर दुसऱ्या कोणत्याही महिन्यात नसते. कारण दर्या बंद व्हायचा असतो, आणि तो नेमका कोणत्या दिवशी बंद होणार हे कोणी सांगितलेले नसते.

प्रथम वाऱ्याचे घड्याळ पाहू. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे हे शब्द शिकलो आणि परीक्षेनंतर विसरलो. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र उबदार राहतो. म्हणून पहाटे वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहतो. तो मतलई. दिवस वर आला की जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरची थंड हवा आत शिरते. तो खारा. शिडाच्या काळात या दोन वाऱ्यांनीच कोळ्याचा दिवस आखून दिला होता: पहाटेच्या मतलईवर बाहेर पडावे, दुपारच्या खाऱ्यावर परतावे. निसर्गाने जाण्यायेण्याचे भाडे माफ केल्यासारखी ही व्यवस्था. इंजिने आल्यावर तिची गरज उरली नाही असे वाटते. पण अजूनही मामांच्या पिढीतला माणूस पहाटे उठला की आधी दाराबाहेर येतो, पाठ डोंगराकडे करून क्षणभर उभा राहतो आणि मानेवर वारा लागतो का ते पाहतो. लागला, तर दिवस नेहमीचा. पहाटेच वारा तोंडावर आला, तर काहीतरी बिनसले आहे.

दुसरे घड्याळ चंद्राचे. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, आणि यावरून आपल्याकडे एक सोपा हिशेब पिढ्यानपिढ्या चालत आला आहे: तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. मुंबई आणि आसपासच्या किनाऱ्यावर हा आडाखा आजही फारसा चुकत नाही. आपण स्वतः करून पाहावा. दिनदर्शिका घरात असतेच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप चढते आणि खूप उतरते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार मंदावतो, तो भांग. उधाणात प्रवाहाला जोर असतो, म्हणून प्रवाहाच्या वाटेत बांधून ठेवायची डोल जाळी तेव्हा भरतात. भांगात माणसे जाळी दुरुस्त करतात, लग्ने ठरवितात, उधाऱ्या मागतात. मराठी भाषेने उधाण हा शब्द आनंदासाठी उचलला. भांग मात्र किनाऱ्यावरच राहिला. मला ही गोष्ट थोडी अन्यायाची वाटते, कारण मासेमारी करणाऱ्या घरातले अर्धे आयुष्य भांगातच जाते.

तिसरे घड्याळ पावसाचे, आणि उन्हाळ्याची सगळी धडपड त्याच्याशी आहे. मे महिन्याच्या मध्यापासून पाण्याचा रंग बदलू लागतो. निवळशंख पाणी गढुळते. खारा वारा दुपारची वेळ सोडून सकाळी नवालाच सुटतो. क्षितिजावर मळभ धरते आणि विरते. वारा पडलेला असतानाही दुरून येणारी, लांब अंतराची, संथ लाट किनाऱ्याला लागू लागते. ही लाट इथल्या वाऱ्याने उठविलेली नसते. शेकडो मैलांवर, भर समुद्रात कुठेतरी वारा पिसाळलेला असतो आणि त्याची वर्दी ती घेऊन येते. हवामानशास्त्र याचे जे स्पष्टीकरण देते, ते मामांना ठाऊक नव्हते. पण लाट मोजण्याची त्यांची रीत शास्त्राला धरूनच होती. एक लाट फुटल्यापासून दुसरी फुटेपर्यंत ते मनात आकडे म्हणत. आकडे वाढले की समजावे, पाहुणा लांबून निघाला आहे.

या दिवसांत घरातल्या बायकांची परीक्षा पुरुषांहून कठीण असते. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी करून ठेवण्याला आमच्याकडे आगोट म्हणतात. मीठ, मसाला, लाकूडफाटा, आणि मुख्य म्हणजे सुकी मासळी. जवळा अंगणात पसरायचा, करंदी उकडून सोडे काढायचे, बोंबील एकमेकांच्या जबड्यांत अडकवून बांबूच्या आडव्या वलांड्यांवर वाळत घालायचे. हे सारे उन्हावर अवलंबून. कडक उन्हात बोंबील तीन-चार दिवसांत कडकडीत वाळतो; मध्येच वळवाची एक सर आली की तो काळा पडतो, त्याला वास येतो, आणि मग तो खताच्याच कामाचा. मामी रात्री दोनदा उठून आभाळ पाहत असे. चांदण्या दिसल्या की झोपायची; दिसल्या नाहीत की सगळ्यांना उठवून ताडपत्री घालायची. त्या मासळीत घरचे खाणे तर असतेच, शिवाय पावसाळ्यात मुलांच्या वह्यापुस्तकांचा आणि फीचा खर्चही असतो. मचवा घरी येऊन उभा राहिला की पुढचे दोन-तीन महिने विकायला एवढेच उरते.

आता मचवा घरी कसा येतो, ते सांगितले पाहिजे, कारण माझ्या म्हणण्याचे मर्म तिथेच आहे. पावसाळ्यापूर्वी नौका पाण्याबाहेर काढून उंचावर आणावी लागते. ती अवजड असते. हवी तेव्हा ओढता येत नाही. म्हणून उधाणाचा दिवस धरतात. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या भरतीला, पाणी ऐन चढाला आले असताना, मचवा जितका आत आणता येईल तितका तरंगत आणायचा, दोर बांधून धरायचा, आणि पाणी उतरले की तो आपोआप कोरड्यात टेकतो. मग ओंडक्यांवरून, पन्नास हात लावून, आणखी वर. पुढे त्याच्या बुडाला चिकटलेल्या कालवा-शंखांचा थर खरवडायचा, फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि राळ ठासायची, लाकडाला तेल चोळायचे, आणि वरून झावळ्यांनी किंवा आताच्या निळ्या प्लॅस्टिकने शाकारून टाकायचे. ज्या शब्दाने आपण घर शाकारतो, त्याच शब्दाने कोळी नौका शाकारतो. पण उधाण पंधरा दिवसांतून एकदाच येते. मेच्या मध्यावरची पौर्णिमा सोडली, तर अमावास्येपर्यंत थांबावे लागते. लवकर काढावी, तर हंगामातले सर्वांत चांगल्या भावाचे पंधरा दिवस हातचे जातात. थांबावे, आणि मधल्या दिवसांत वादळ उठले, तर मचवा खाडीतच नांगरावर झोडपला जातो. प्रत्येक घरात या निर्णयावरून वाद होतात. भाऊ भावाशी बोलेनासा झालेला मी पाहिला आहे.

या निर्णयाला पूर्वी पंचांगाचा आधार होता. रोहिणी नक्षत्र मेच्या शेवटच्या आठवड्यात लागते, मृग जूनच्या सातव्या दिवसाच्या आसपास. रोहिणी लागायच्या आत आवराआवर, मृगाला दर्या बंद, आणि श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा आरंभ. आज शासनाचा नियमही जवळपास हाच आहे: पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र, दोन्ही त्यात सांभाळले जातात. गेटवे ते मांडवा ही प्रवासी बोटसेवाही मेच्या अखेरीस थांबते आणि पावसाळा सरत आला की सुरू होते. एकेकाळी मुंबईहून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले करीत पणजीला जाणाऱ्या आगबोटीही याच शिस्तीत चालत. चाकरमानी उन्हाळ्याच्या सुटीला बोटीने गावी जात, बोट बंदरापासून दूर नांगर टाकी, आणि मुलेबाळे, ट्रंका, कोंबड्या यांसह सगळे पडावात उतरून किनाऱ्याला लागत. परतीची बोट चुकली तर पावसाळा गावीच काढावा लागण्याची भीती असे. रस्ते सुधारले, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि ऋतू बंद होऊ शकतो ही कल्पनाच बहुसंख्यांच्या जीवनातून गेली. आपला रस्ता बारा महिने उघडा असतो. तो तसा असलाच पाहिजे, अशी आपली समजूत आहे.

बंद काळात पाण्यावर जाणे म्हणजे काय, हे रेवसच्या परिसराला कोणी शिकवावे लागत नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास ही आगबोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. आषाढातली अमावास्या होती. सणासाठी माणसे घरी निघाली होती. स्वातंत्र्य चार आठवड्यांवर आले होते, म्हणून देशाच्या इतिहासात त्या दिवसाला फार जागा मिळाली नाही. किनाऱ्यावरच्या घरांनी मात्र तो जपून ठेवला आहे. माझ्या आजोळी मुलाने बोटीत धावाधाव केली की वडीलधारे एकच शब्द उच्चारीत, "रामदास", आणि मूल जागच्या जागी बसे. ते का बसले, हे त्याला पुष्कळ वर्षांनी कळे.

इथे थोडे दूर, आयर्लंडच्या किनाऱ्यावर जाऊन येऊ. तिथल्या लोकांना आपल्यासारखा बंद दर्या ठाऊक नाही. त्याचबरोबर आपल्यासारखा निश्चिंत उघडा दर्याही त्यांच्या वाट्याला येत नाही. अटलांटिकवरून कमी दाबाची क्षेत्रे भर उन्हाळ्यातही एकामागोमाग येत राहतात. सकाळी ऊन, दुपारी धुके, संध्याकाळी सोसाट्याचा वारा, असा त्यांचा जुलै असतो. म्हणून त्यांच्या किनाऱ्यावरची पारंपरिक होडी, जिला करक म्हणतात, लाकडी सांगाड्यावर डांबर फासलेले कापड ताणून केलेली असते. इतकी हलकी की तीन-चार माणसे ती डोक्यावर उलटी घेऊन चालत घरी जाऊ शकतात. आपला मचवा उधाणाची वाट पाहतो. त्यांची होडी कोणत्याही क्षणी पाण्याबाहेर येते. प्रत्येक किनारा आपापल्या हवेच्या स्वभावाप्रमाणे होडी घडवितो, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. त्या देशांत सागरी हवामानाचे वृत्त रेडिओवर दिवसातून अनेकदा सांगतात. समुद्राच्या प्रत्येक भागाला नाव असते, शॅनन, रॉकॉल, मॅलिन, फास्टनेट, आणि प्रत्येकाचा वारा वेगळा सांगितला जातो. तरीही १९७९ च्या ऑगस्टमध्ये, ऐन नौकाविहाराच्या दिवसांत, इंग्लंडहून फास्टनेटच्या खडकाला वळसा घालून परतायच्या शर्यतीत ३०३ शिडाच्या नौका उतरल्या असताना वादळ अपेक्षेहून कितीतरी तीव्र झाले आणि शर्यतीतील १५ नाविकांचा मृत्यू झाला. रोज हवा पाहणाऱ्या लोकांवरही हा प्रसंग येऊ शकतो, हे लक्षात ठेवावे.

मी हा दाखला दिला, तो कुतूहलापोटी नाही. गेल्या काही वर्षांत आपला उन्हाळा त्यांच्या उन्हाळ्यासारखा होत चालला आहे, म्हणून दिला. पंचांगावर विसंबून ज्याने मचवा कधी काढायचा हे ठरविले, त्याच्या पायाखालची वाळू सरकते आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, अलिबागकडच्या सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी १७ मेला तौक्ते वादळ मुंबईच्या जवळून वर गेले. भर समुद्रात तेलविहिरींजवळ कामगारांना घेऊन उभा असलेला पी-३०५ हा तराफा बुडाला आणि अनेकांचे प्राण गेले. २०२५ साली तर मेच्या तिसऱ्या आठवड्यातच कोकणासमोर कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, २४ मे रोजी ते रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनारा ओलांडून आत आले, आणि २६ मे रोजी मुंबईत मोसमी पाऊस दाखल झाल्याचे हवामान विभागाने जाहीर केले. मुंबईसाठी नेहमीची तारीख ११ जून. म्हणजे सोळा दिवस आधी. त्या वर्षी अमावास्या २७ मेची होती. ज्यांनी पौर्णिमा सोडून अमावास्येचे उधाण धरले होते, त्यांच्या दाराशी उधाण आणि पाऊस एकाच वेळी उभे राहिले. वलांड्यांवरच्या बोंबलांचे काय झाले असेल, ते आपण जाणलेच असेल.

याचा अर्थ मी वादळांच्या कारणांवर अधिकारवाणीने बोलावे असा नाही. समुद्र तापतो आहे आणि अरबी समुद्रातील वादळे पूर्वीपेक्षा वेगाने तीव्र होत आहेत, हे शास्त्रज्ञ सांगत आले आहेत. ते आपण त्यांच्याच लेखनातून वाचावे. मला दिसते ते किनाऱ्यावरून दिसते. पूर्वी थांबण्याचा निर्णय ऋतू घेत असे. मृग लागला की गावातला सर्वांत गरीब आणि सर्वांत धाडसी, दोघेही एकाच दिवशी थांबत. त्यात कोणाचा कमीपणा नसे, कोणाला स्पष्टीकरण द्यावे लागत नसे. आता तो निर्णय रोज, एकेकट्या माणसाला घ्यावा लागतो. हैदराबादच्या समुद्र माहिती केंद्राकडून लाटांचा अंदाज मोबाइलवर येतो, बंदरावर धोक्याचा बावटा चढतो. पण बावटा चढायच्या आधीचे जे दोन-तीन संदिग्ध दिवस असतात, त्या दिवसांत डिझेल आणि बर्फ भरलेला असतो, खलाशांना उचल दिलेली असते, आणि आभाळ अर्धे स्वच्छ, अर्धे काळे असते. त्या वेळी थांबणे फार महाग पडते.

मामा अशा पहाटे दारात उभे राहून दोनच शब्द बोलत: "आज नाय." त्यानंतर कोणी वाद घालीत नसे, पण खलाशांच्या चेहऱ्यावरची नाराजी मी पाहिली आहे. दुपारी आभाळ उघडले, शेजारचे मचवे भरून परतले, की ती नाराजी शब्दांतही येई. "नाखवा भ्यायला," असे कोणी म्हणून जाई. मामा जाळे विणत बसत. मला लहानपणी त्यांचा राग येई. न झालेल्या वादळासाठी एवढी मासळी सोडायची, हे पटत नसे. थांबण्याच्या निर्णयाची ही मोठीच अडचण आहे: तो बरोबर ठरला तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडण्याचे श्रेय कोणाला देता येत नाही. एकदा मी त्यांना विचारले, तुम्ही चुकलात असे कधी वाटत नाही का? त्यांनी वर न पाहता सांगितले, की दहादा चुकून घरी बसलेला माणूस अकराव्यांदा पुन्हा चुकू शकतो. गेलेला चुकू शकत नाही. हे त्यांनी फार साध्या आवाजात म्हटले. मग सुतळी मागितली.

रुळांवर जगणाऱ्या आमच्या गावाला या विद्येशी काय देणेघेणे, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. उल्हास नदी राजमाचीच्या दऱ्यांतून निघते. कर्जत, नेरळ, वांगणीवरून चामटोलीपाशी येते. पुढे बदलापूर, कल्याण करीत वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. भिवपुरीच्या टाटा वीजगृहातून सुटणारे पाणी तिला उन्हाळ्यातही वाहते ठेवते. आज तिच्या पात्रात वरच्या अंगाला होडी क्वचितच दिसते, खालच्या अंगाला तर जलपर्णीने पाणीच दिसत नाही. पण हीच नदी जिथे खाडी होते, त्या कल्याणात प्राचीन काळापासून बंदर होते आणि शिवाजी महाराजांनी आपल्या आरमारासाठी जहाजे बांधायला आरंभ केला, तो याच कल्याण-भिवंडीच्या खाडीवर. नदीच्या खालच्या टोकाशी नौकांचे इतके मोठे शहाणपण साठलेले असताना वरच्या टोकाशी आम्ही तिला पंप लावायची जागा समजत आलो.

२६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान, आमच्या शिवाराजवळ, पुराच्या पाण्यात थांबली. सुमारे एक हजार पन्नास प्रवासी. उजाडले तेव्हा गाडीच्या दोन्ही अंगांना खाचरे नव्हती, एकच तपकिरी पाणी होते आणि त्यात डब्यांची रांग एखाद्या नांगरलेल्या लांबलचक नौकेसारखी उभी होती. उतरू नका, गाडीतच थांबा, असे प्रवाशांना सांगण्यात येत होते. रात्रभर भुकेल्या मुलांना घेऊन बसलेल्या माणसाला ते ऐकणे किती कठीण गेले असेल! पण त्या दिवशी माणसे वाचली, त्याचे पहिले कारण ती बसून राहिली हे आहे. मग राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आले, नौदल आले, वर हेलिकॉप्टर घिरट्या घालू लागले, आणि ज्या शेतात महिनाभरापूर्वी आम्ही आवणाची तयारी केली होती, त्या शेतावरून रबरी होड्या चालू लागल्या. गावातली माणसे कमरेइतक्या पाण्यात उभी राहून हात देत होती. दुपारपर्यंत सगळे प्रवासी सुखरूप बाहेर आले. त्यांत गरोदर स्त्रियाही होत्या. त्यांना पुढे नेण्यासाठी कल्याणहून वेगळी गाडी सोडण्यात आली.

संध्याकाळी मामांचा फोन आला. त्यांनी दूरदर्शनसंचावर सगळे पाहिले होते. तोवर ज्यांचे ज्यांचे फोन आले, त्या सर्वांनी गाडीविषयी विचारले होते, किती डबे, किती पाणी, किती माणसे. मामांनी गाडीचे नावही काढले नाही.

"होड्या शेतातनं आणल्या ना? खाली बांध असतील, कुंपणाच्या तारा असतील. त्यांना बाहेरून येऊन कसं कळलं खाली काय आहे ते?"

मी म्हटले, गावातली पोरे पुढे चालत होती. कोणाचा बांध कुठे आहे, विहीर कुठे आहे, तार कुठे आहे, ते पाण्यात काठी रोवून दाखवीत होती.

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग मामा म्हणाले, "तांडेलाचं काम केलं पोरांनी," आणि भाताचे किती नुकसान झाले ते विचारू लागले.